माझ्या थाळीतले किल्ले

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पाटा उचलला. वाटण वाटायला नाही. पाट्याखाली एका परक्या राजाचे किल्ले दाबून ठेवायला.

चांगुणाची बोटं थंडीत आखडायची, पाटा एकटीला उचलवत नव्हता. म्हणून मला हाक मारली. एका बाजूनं मी धरला, एका बाजूनं तिनं, आणि मधल्या फटीत तिनं पायानं वर्तमानपत्राची घडी सरकवली. घडीत पोस्टाची ओली तिकिटं, प्रत्येकावर एकेक किल्ला. मी म्हटलं, चांगुणे, उद्या मला ह्या पाट्यावरचं कोळंबीचं वाटण हवंय. ती म्हणाली, शेजारणीच्या मिक्सरमधून करून आणते, पण पाटा हलवायचा नाय, किल्ले वाळतायत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. पाटा अजून तिथंच आहे. कोळंबीचं राहून गेलं.

समाचाराला आलेले लोक म्हणायचे, फार गुणी बाई होती. गुणी होती का काय ते मला विचारा. तिच्यासारखं हट्टी माणूस ठाण्याच्या खाडीला दोन्ही काठांनी शोधलंत तरी मिळणार नाही. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे तिचा सगळा हट्ट एकट्या माझ्या वाट्याला. ती गेल्यावर मी एकच गोष्ट ठरवली. किल्ले घरात ठेवायचे नाहीत. दहावं झालं की येणाऱ्या रविवारी सकाळी ते जिथून आले तिथं परत. कुठून आले ते सांगतो.

मी चौथी शिकलेला. तिनं शाळेचा उंबरासुद्धा ओलांडलेला नव्हता. कोपरीहून मासळीची पाटी घेऊन डोंबिवलीला जायची, मानपाड्याच्या बाजूला घरोघर विकायची आणि येताना पोस्टाची तिकिटं घेऊन यायची. जमवते म्हणे. जमवायला माझी ना नव्हती. आमच्या आळीत कोण कोंबडे जमवतं, कोण भांडणं जमवतं. पण हिला तिकिटं पाहिजेत कुठली? तिकडे युरोपात एक बारकासा देश आहे, लिश्टेनस्टाइन. नाव विचारून लिहिलंय, बोलून दाखवायला सांगू नका. घरात आम्ही त्याला संस्थान म्हणायचो. त्या संस्थानाचीच तिकिटं. त्यातही राजाचं तोंड नको, फुलं नकोत, बर्फावरून घसरणारी माणसं नकोत. फक्त किल्ले.

आणि ते भिजवायला माझी थाळी.

लग्नात सासूनं दोन पितळी थाळ्या दिलेल्या. एकीच्या काठावर माझं नाव कोरलेलं, दुसरीच्या काठावर हिचं. मी खाडीतून येणार, गुडघ्यापर्यंत चिखल, भुकेनं डोळे फिरलेले. घरात पाऊल टाकावं तर माझी थाळी चुलीच्या बाजूला पाण्यानं भरलेली आणि तीत किल्ले तरंगतायत. मला जेवायला टोपावरचं झाकण. झाकणात कालवण राहत नाही, ते पळतं, त्याच्या मागं भाकरी घेऊन धावावं लागतं. मी ओरडायचो. घरात परात आहे, घमेलं आहे, तुझी स्वतःची थाळी आहे, मग माझीच का? तिचं उत्तर ठरलेलं.

"नाखवा, हात नको लावू. सुटतंय."

सुटतंय म्हणजे तिकीट कागदापासून सुटतंय. ओढायचं नाही, नखानं खरवडायचं नाही. पाण्यात ठेवून गप्प बसायचं. कागदाला वाटलं की तो आपणहून सोडतो, असं तिचं म्हणणं.

बरं, नवीन तिकीट असेल तर एक वेळ समजतो. तसं तिला महिन्याकाठी एखादं मिळायचं. बाकीच्या दिवशी ती आधीच सुटलेली, वाळलेली, दाबून सपाट केलेली तिकिटं परत थाळीत सोडायची. धुऊन घडी घातलेला सदरा कोण परत परत धुतं? त्यानं रंग उडायला लागले. एका किल्ल्याचं आधी आभाळ गेलं, मग झाडं गेली, शेवटी नुसत्या रेघा उरल्या. तरी त्याला पाण्यात घालायची. म्हातारा झालाय, म्हणायची, त्याला पाणी सोसतं.

आणि हे सगळं मी घराबाहेर पडल्यावर. मी घरी असलो की तिला किल्ल्यांची आठवण यायची नाही. मी होडी काढली की हिनं थाळी काढली. मास्तर वर्गाबाहेर पडायची वाट पोरं बघतात, तसा प्रकार.

ही तिकिटं द्यायचे कर्णिकसाहेब. मानपाड्याच्या बाजूला एका कारखान्याच्या ऑफिसात टपाल बघायचे. सीकेपी माणूस. मासळीतलं त्यांना कळतं हे मी कोळी असून कबूल करतो, आणि कळतं म्हणूनच त्यांच्या दारात भाव करताना चांगुणाचा घसा बसायचा. त्यांच्या कारखान्यात एक यंत्र त्या संस्थानातून आलेलं. यंत्र सारखं बिघडायचं, म्हणून तिकडून पत्रं सारखी यायची. ते यंत्र कधी दुरुस्त होऊ नये म्हणून चांगुणा देवीला साकडं घालायची.

सुरुवात अशी झाली, की एकदा त्यांच्या ओटीवर पाटी उतरवली तेव्हा बाजूला असं एक पाकीट पडलेलं. हिनं विचारलं, हे कोणाचं घर? कर्णिकसाहेबांनी बिचाऱ्यांनी सगळा भूगोल सांगितला. देश एवढासा, की ठाण्याहून निघावं आणि कल्याण आलं की संपला. राजा अजून आहे, डोंगरावर किल्ल्यात राहतो. आणि समुद्र नाही. त्याला नाही आणि त्याच्या शेजाऱ्यांनाही नाही.

"कुठूनच नाय?" हिनं विचारलं.

"कुठूनच नाही."

ही म्हणे बराच वेळ गप्प बसली. चांगुणा गप्प बसली हे कर्णिकसाहेबांच्या इतकं लक्षात राहिलं, की त्यांनी ते मला पुढं कितीदा तरी सांगितलं. मग तिनं दोन बोईट मासे वरती टाकले आणि पाकिटाचं टोक फाडून घेऊन आली.

मी कपाळाला हात लावला. आमच्या जातीची बाई आणि दर्या नसलेल्या देशाचं कौतुक. मी म्हटलं, त्या देशात कोळ्याचं काय काम? ती म्हणाली, "तेच तर."

पुढं कर्णिकसाहेबांनी तिच्यासाठी मुद्दाम कुठून तरी दुसऱ्या देशाचं मोठं तिकीट मिळवलं. भला थोरला किल्ला, बुरूज, झेंडे, खाली पूल. दुसऱ्या कोणी नाचत घेतलं असतं. हिनं विचारलं, दर्या हाय काय त्या देशाला? ते म्हणाले, आहे की, तिन्ही बाजूंनी आहे. हिनं ते तिकीट बोटाच्या टोकात धरून परत केलं, गिऱ्हाईक शिळी मासळी परत करतं तसं. तेव्हापासून तिला सवय लागली. कोणी परदेशाचं नाव काढलं, की हिचा पहिला प्रश्न, दर्या हाय काय तिकडं? आळीतला एक जण नोकरीला आखातात निघाला, त्यालाही विचारलं. तो हो म्हणाला तर म्हणाली, मग कशाला जातोस?

पाहुणे आले की चहाच्या आधी किल्ले. टोपीवाला, बुटका, अर्धा पडलेला, अशी तिनं नावं पाडलेली. एवढ्या वरती पाणी कोण चढवतं, एवढं मोठं झाडून कोण काढतं, ह्याची तिला खरी काळजी. एकदा आमचं कडाक्याचं भांडण झालं तेव्हा म्हणाली, मी जाऊन राहीन त्या बुटक्यात. मी म्हटलं, खुशाल जा, माझी थाळी तरी मोकळी होईल. तर म्हणते, "तू पण ये की. होडी मात्र इथंच ठेवून यायची."

बायकांच्या असल्या खुळांना मी नेहमी हसत आलो. नवीन लग्न झालेलं तेव्हा तिनं होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला, लिंबूमिरची बांधलेली. मी तिच्यादेखत तोडून खाडीत फेकली. म्हटलं, होडी मी चालवतो, लिंबू नाही. परत तिनं असलं काही बांधलं नाही.

मग नव्वद सालानंतर कधी तरी कर्णिकसाहेबांच्या कारखान्यात फॅक्सचं मशीन आलं. पत्रं बंद. यंत्र पहिल्यासारखंच बिघडत होतं, पण आता तक्रार तारेतून जायची आणि उत्तरही तारेतून यायचं. कर्णिकसाहेबांनी हिला फॅक्सचा कागद दाखवला. हिनं तो उलटासुलटा केला, वास घेतला आणि विचारलं, ह्याच्यावर किल्ला कुठाय?

दुसऱ्या दिवशी ही पाटी घेऊन कारखान्याच्या गेटवर. मोठ्या साहेबाला भेटायचंय. गेटवरच्या माणसानं हाकललं, तर हिनं उन्हात बसून पाटीवरचं ओलं फडकं काढून ठेवलं. दुपारपर्यंत वास वरच्या मजल्यावर पोचला आणि साहेब स्वतः खाली आला. तो दक्षिणेकडचा, ही कोपरीची. काय बोलणं झालं ते त्या दोघांनाही सांगता आलं नसतं. शेवटी कर्णिकसाहेब मधे पडले. फॅक्सवरची अक्षरं वर्षा-दोन वर्षांत उडून जातात, तेव्हा प्रत्येक कागदाची पक्की प्रत पोस्टानंही मागवलेली बरी, असं त्यांनी साहेबाला सांगितलं. साहेबाला ते पटलं. किंवा वास नको होता. पण पाकिटं परत सुरू झाली आणि माझं झाकणावरचं जेवण काही सुटलं नाही.

मधे थोडा काळ सुटलेलं. खाडीला घाणीचं पाणी यायला लागलं, मासळी आटली, तेव्हा मी होडी ओढून ठेवली आणि वर्तकनगरला एका सोसायटीत वॉचमन झालो. खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी. काय सांगू, त्या दिवसांत माझी थाळी लखलखीत. घासून पुसून फळीवर पालथी. कधीही येऊन मागा, कोरडी. मला वाटलं, पगारी माणसाला घरात मान मिळतो तो हा. नाक्यावर चार जणांना मी तसं सांगितलंसुद्धा. त्या काळात चांगुणा अंगानंही जरा भरली. दुपारची झोपायला लागली. इतक्या वर्षांत तिला मी दुपारी झोपलेली कधी बघितली नव्हती. वय झालं, म्हटलं.

पण मला त्या गेटचा कंटाळा आला. उघड, लाव, सलाम कर. नोकरी सोडली, होडीला डांबर फासलं आणि परत खाडीत गेलो. पहिल्याच दिवशी येतो, तर माझ्या थाळीत टोपीवाला, बुटका आणि तो म्हातारा. मी म्हटलं, आलं का संस्थान? तिनं झाकण पुढं केलं.

ती गेली त्या दिवशी मी घरीच होतो, जाळं सांधत बसलेलो. ती कर्णिकसाहेबांच्या घरून निघाली, रस्त्याच्या कडेला पाटी उतरवली, केळीवालीला म्हणाली, जरा टेकते. ती टेकली ती उठलीच नाही. कर्णिकसाहेब तिला घेऊन आले. सोबत पाटीसुद्धा आणली त्यांनी, काखेत धरून, शर्टावर मासळीचं पाणी गळू देत. पाटीच्या तळाला प्लास्टिकच्या पिशवीत त्या दिवशीचं पाकिटाचं टोक होतं. त्याच्यावर किल्ला. मी पिशवी उचलून खुंटीला अडकवली आणि कर्णिकसाहेबांना तिथंच सांगितलं, की दहाव्यानंतरच्या रविवारी सकाळी या आणि सगळे किल्ले घेऊन जा. ते म्हणाले, अहो, घाई काय आहे? मी म्हटलं, मला माझी थाळी पाहिजे.

उरणहून चांगुणाची मोठी बहीण नाकूबाई आली आणि तिनं घर ताब्यात घेतलं. बाई चांगुणाच्या वरताण. पहिल्याच दिवशी वाटणासाठी पाटा उचलायला गेली. मी म्हटलं, पाट्याला हात लावायचा नाही. ती म्हणाली, मग वाटण कशावर करू, तुझ्या टकलावर? मी म्हटलं, कर, पण पाटा हलणार नाही. किल्ले द्यायचे ठरलेले, मग पाटा हलवायला काय हरकत होती, ते मला विचारू नका. नाकूबाईनंही विचारलं नाही. मिक्सरवाल्या शेजारणीकडं गेली.

दहाव्याला, शनिवारी, अस्थी सोडायला मी माझी होडी काढली. भावकीतली दोन माणसं सोबत होती. खाडी पार करून पाणी मोठं होतं तिथपर्यंत गेलो, तिला सोडलं, ओहोटी लागायच्या आत परत आलो. पाय धुतले आणि घरात शिरलो.

चुलीच्या बाजूला माझी थाळी. पाण्यानं काठोकाठ भरलेली. आत एकही किल्ला नाही. नुसतं पाणी.

मी ओरडलो. सवयीनं ओरडलो. माझ्या थाळीत पाणी कोणी भरलं?

"मी भरलं," नाकूबाई म्हणाली. "ओरडतोस काय? पाण्यावर गेलेला ना तू?"

मी म्हटलं, मग?

"मग काय? पाण्यावर गेलेल्या माणसाची थाळी घरात कोरडी ठेवत नाय. आमच्या आयचं होतं तसं. चांगुणा भरून ठेवायची नाय काय?"

मी म्हटलं, ती किल्ले भिजवायची.

नाकूबाईनं माझ्याकडं असं बघितलं, जसं लहानपणी मास्तर बघायचे. "तुला काय सांगून भरणार होती? लिंबू फेकलंस ना तू तिचं."

मी खाली बसलो. ती भाकरी थापत होती, थापता थापताच बोलत होती. त्यांचा बाप गेला त्या दिवसाचं. चांगुणा एवढीशी पोर. आईला मदत करावी म्हणून गेली आणि बापाची थाळी घासून, पुसून, फळीवर पालथी घालून ठेवली. कौतुक करून घ्यायला आईची वाट बघत बसली. बाप आला नाही. होडी तेवढी सापडली.

"आय तिला कधी काय बोलली नाय," नाकूबाई म्हणाली. "बोलली असती तर बरं झालं असतं."

भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "मला सांगायची, अक्का, एक देश हाय, तिथं दर्याच नाय. तिथल्या बायका दुपारच्या झोपतात म्हणे."

मला वर्तकनगरची शिट्टी आठवली. नाकूबाईनं टोपावरचं झाकण माझ्यापुढं सरकवलं, त्याच्यात कालवण वाढलं. ते पळत होतं. मी जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळीवरून दुसरी थाळी काढली, चांगुणाच्या नावाची. तिच्यात कधी कोणी पाणी भरलं नव्हतं. पाण्यावर जाणारा मी एकटाच होतो, आणि काल मी तिला तिथं ठेवून आलेलो. राखेनं थाळी घासली, काठोकाठ भरली आणि चुलीच्या बाजूला ठेवली. खुंटीवरच्या पिशवीतून पाकिटाचं टोक काढलं आणि किल्ला वरच्या अंगाला येईल असं पाण्यात सोडलं.

तेवढ्यात कर्णिकसाहेब आले. ठरल्याप्रमाणे, पिशवी घेऊन. चपला काढल्या, आत आले, थाळीपाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, हा तिला त्या दिवशी दिलेला, नवा आहे, जास्त भिजला तर रंग जाईल. खिशातून चिमटा काढला आणि हात पुढं केला.

"साहेब, हात नका लावू," मी म्हटलं. "सुटतंय."

त्यांनी चिमटा खिशात ठेवला. रिकाम्या पिशवीची घडी घातली. मी चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि थाळीच्या बाजूला येऊन वाट बघत बसलो.